आणखी दोनच हजार

"फोन नेमका कशासाठी हवाय?" असं विचारणाऱ्या माणसाला सभ्य समाजात थारा देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. फोन घ्यायला निघालेल्या गृहस्थाला हे विचारणं म्हणजे पंक्तीत बसलेल्याला भूक लागली आहे का, असं विचारण्यासारखं आहे. बजेट फोन घ्यावा की मिड-रेंज, हा आपल्या काळातला मोठा संसारी प्रश्न. गरज बघून सोडवायला घेतला तर तो दहा मिनिटांत सुटतो, आणि दहा मिनिटांत सुटणाऱ्या प्रश्नाला चारचौघांत कुणी विचारत नाही. म्हणूनच ज्या थोर मंडळींनी गरजेचा विषय मोठ्या निग्रहाने बाजूला ठेवून हे घोंगडं महिनोन् महिने भिजत ठेवलं, त्यांचं गुणगान कुणीतरी करायला हवं होतं. इतर कुणी पुढे येत नाही असं पाहून ते मी करतो आहे.

पहिला मान अभ्यासकांचा. आमचे मेहुणे त्यांतले अग्रणी. बँकेतून निवृत्त झाल्यावर त्यांचं फोनवरचं काम म्हणजे व्हॉट्सअ‍ॅप, यूट्यूबवरची भजनं, दूधवाल्याचे यूपीआयने द्यायचे पैसे आणि रविवारी नातवाशी व्हिडिओ कॉल. एवढ्या तयारीवर ते प्रोसेसरच्या अभ्यासात उतरले. पँटची कंबर ३६ की ३८, हे त्यांना आजही बायकोला विचारावं लागतं. पण चिप ४ नॅनोमीटरची की ६, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतात. स्नॅपड्रॅगन थंड राहतो की डायमेन्सिटी, यावर त्यांनी इतके व्हिडिओ पाहिले की जुना फोन तापून बंद पडला आणि नवा घेण्याची निकड आपोआप सिद्ध झाली. फोनच्या वेगाला गुण देणारी अंतुतू नावाची एक चाचणी असते. तिचे आकडे लाखांत असतात. आपल्या फोनचा आकडा मेहुण्यांना पाठ आहे. आपल्या साखरेचा आकडा त्यांना आठवत नाही, पण तो केवळ तीन अंकी असल्यामुळे त्यात अभिमान बाळगण्यासारखं काही नाही.

अभ्यास पुरा झाल्यावर आम्ही पुण्यात लक्ष्मी रोडजवळच्या एका दुकानात गेलो. तिथे जे घडलं ते मी जवळून पाहिलं, म्हणून नोंदवून ठेवतो.

"दहापर्यंतचे दाखव," मेहुणे म्हणाले.

"आहेत की काका. हा बघा, ९,९९९. फक्त रॅम ४ जीबी आहे. वर्षभरात अडकायला लागेल. दोन हजार टाका, ६ जीबीचा येतो."

मेहुण्यांनी टाकले.

"आता हा ११,९९९चा. पण काका, स्क्रीन एचडी प्लस आहे. आणखी दोनच हजार, फुल एचडी मिळेल."

तेही टाकले. पुढच्या दोन हजारांत स्क्रीनचे ९० हर्ट्झचे १२० हर्ट्झ झाले. त्यापुढच्यात चार्जिंग ३३ वॉटवरून ६७ वॉटवर गेलं. वीस हजारांच्या आसपास मेहुण्यांनी क्षणभर रुमालाने कपाळ पुसलं, तेव्हा त्या मुलाने अत्यंत नम्रपणे एक वाक्य उच्चारलं: "काका, आता एवढे घालताच आहात तर…"

या अर्ध्या वाक्यात जेवढी तर्कशक्ती आहे, तेवढी मला इतरत्र क्वचितच आढळली. दर पायरीवर हिशेब फक्त दोन हजारांचा करायचा. सुरुवात कुठून केली होती, याकडे मान वळवायची नाही. प्रत्येक पाऊल शहाणपणाचं आणि जिना तेवढा वेड्याचा, अशी ही रचना आहे. मेहुणे अखेर २६,९९९वर टेकले. घरी आल्यावर बहिणीसमोर, म्हणजे माझ्या बायकोसमोर, त्यांनी हिशेब मांडला: "भावोजींना विचार हवं तर. तो ३१,९९९चा गळ्यात मारत होता. मी ऐकलं नाही. सरळ पाच हजार वाचवले."

यात देशसेवाही आहे, ती कुणाच्या ध्यानात येत नाही. मोबाइलवरचा जीएसटी १ एप्रिल २०२० पासून १२ टक्क्यांचा १८ टक्के झाला. म्हणजे ९,९९९ रुपयांच्या फोनात सरकारला साधारण १,५२५ रुपये जातात. मेहुण्यांनी सुमारे ४,११८ रुपये दिले. काटकसरी माणूस देशाला नेमका कुठे कमी पडतो, ते या वजाबाकीत दिसतं.

आता कॅमेऱ्याकडे वळू. मिड-रेंजचं खरं तेज तिथे आहे. ५० मेगापिक्सेल, १०८ मेगापिक्सेल असे आकडे पाठीवर कोरलेले असतात. प्रत्यक्षात ५०चा कॅमेरा एरवी चार-चार पिक्सेलांचा एकेक करून साडेबारा मेगापिक्सेलचा फोटो देतो, आणि १०८चा नऊ-नऊ एकत्र करून १२चा. म्हणजे दोघं निघतात वेगवेगळ्या गावांहून आणि उतरतात एकाच स्टँडवर. उरलेल्या पिक्सेलांचं काय होतं, असं काही चौकस लोक विचारतात. त्यांना सांगावं की ते बोलायच्या कामी येतात. शिवाय तो फोटो आपण व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो, तिथे तो आणखी आकसतो, आणि मावशी तो तडा गेलेल्या स्क्रीनवर चष्मा न लावता पाहून म्हणते, "छान आलाय."

२ मेगापिक्सेलच्या मॅक्रो कॅमेऱ्याचा तर जाहीर सत्कार व्हायला हवा. मुंगीचा फोटो जवळून काढण्यासाठी तो दिलेला असतो. मुंगी त्यात मुंगीसारखी दिसत नाही हे खरं. पण त्याच्यामुळे पाठीवर दोनाऐवजी तीन वर्तुळं दिसतात आणि लग्नात फोन टेबलावर पालथा ठेवता येतो. दाखवायला बोळकं न ठेवता सगळे दात बसवून घेतात लोक, मग फोननेच काय घोडं मारलंय?

व्हर्च्युअल रॅम हाही असाच उदात्त शोध. ८ जीबी रॅम असते, त्यात स्टोरेजमधली ८ जीबी उसनी घेऊन १६ जीबी म्हणायचं. स्टोरेज रॅमपेक्षा कितीतरी हळू चालतं, म्हणून ही दुधाची तहान ताकावर भागवण्याची सोय आहे, असं जाणकार सांगतात. सांगोत. बेरीज बरोबर आहे ना? आठ आणि आठ सोळाच होतात. गणिताच्या जोरावर इतकं निर्भेळ समाधान शाळेनंतर प्रथमच मिळतं आहे.

पाण्यापासून संरक्षणाचा आयपी नावाचा दर्जा तर निव्वळ तत्त्वज्ञान आहे. फोन पाण्यात टिकतो असं जाहिरातीत लिहिलेलं असतं. पाणी गेलं तर वॉरंटीत बसत नाही, असं आतल्या बारीक अक्षरांत. दोन्ही विधानं एकाच डब्यात सुखाने नांदतात. इतका समंजसपणा एकत्र कुटुंबातही राहिलेला नाही.

पैशांची चिंता क्षुद्र लोक करतात. त्यांच्यासाठी नो-कॉस्ट ईएमआय आहे. शून्य टक्के व्याज अशी काही चीजच नसते, असं रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना बजावलं होतं. तेव्हापासून व्यवस्था अधिक सुसंस्कृत झाली. आता व्याज लागतं, विक्रेता तेवढीच रक्कम आधी किमतीतून वजा करतो, मग त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, आणि बहुतेक बँका वर प्रोसेसिंग फी घेतात. अशा रीतीने कॉस्ट सगळीकडे वाटली गेल्यामुळे ती कुठे एका जागी सापडत नाही आणि नो-कॉस्ट हे नाव सार्थ होतं. अंथरूण पाहून पाय पसरावेत असं आजी म्हणायची. तिच्या काळी अंथरूण हप्त्यांवर मिळत नव्हतं, बिचारीला काय माहीत?

मुहूर्ताचीही चिंता नको. २०१४च्या ऑक्टोबरात पहिला 'बिग बिलियन डे' हा ऑनलाइन सेल भरला, आणि साडेतीन मुहूर्तांच्या पंचांगात न मावणारे सेल सुरू झाले. दसऱ्याला सोनं म्हणून आपट्याची पानं वाटायची आणि खरेदी फोनची करायची, हा नवा कुळाचार आहे. आपण फोन घेतल्यावर आठवड्याभरात त्याची किंमत दोन हजारांनी उतरते. त्याचं वाईट वाटून घेऊ नये. त्या दोन हजारांत आपण आठवडाभर आधी सुखी झालो.

एवढ्यावरून मी बजेटवाल्यांचा द्वेष्टा आहे, असा समज कुणी करून घेऊ नये. त्यांचाही एक निष्ठावंत पंथ आहे आणि त्यातला मूर्खपणा कमी प्रतीचा नाही. आमच्या कचेरीतले एक सहकारी म्हणतात, "आपल्याला काय, फोन लावायचा आणि उचलायचा!" असं म्हणून ते सगळ्यात स्वस्त फोन घेतात आणि त्यावर दिवसभर सिनेमे बघतात, हजारो फोटो साठवतात आणि तेरा ग्रुपांतल्या शुभ सकाळी जपून ठेवतात. ६४ जीबीतला मोठा हिस्सा फोन स्वतःच खातो. शिवाय ते स्टोरेज ईएमएमसी या संथ जातीचं. भरत आलं की कॅमेरा उघडायला इतका वेळ लागतो की केक कापून, भरवून, हात धुऊन होतात. पण त्यामुळे त्यांच्या अंगी जो संयम आला आहे, तो विपश्यनेच्या शिबिरात दहा दिवस बसूनही येत नाही. लॉकस्क्रीनवर रोज नवी जाहिरात येते, तीही ते मनोभावे वाचतात. कर्ज देणारी, मुरुम घालवणारी आणि रमी खेळवणारी अ‍ॅप त्यांना विकत घ्यावी लागली नाहीत; फोनबरोबर फुकट आली.

स्वस्त फोनांपैकी अनेकांना सुरक्षेचे अपडेट दोन-तीन वर्षांनी मिळेनासे होतात. ही दार उघडं ठेवून झोपण्याची निर्भयता आहे, आणि त्या दाराआड हे गृहस्थ आपलं बँक खातं, आधार, मुदतठेवी आणि ओटीपी ठेवतात. याला छाती लागते. दीड-दोन वर्षांत तो फोन मान टाकतो, मग ते पुन्हा तसाच घेतात. आजवर त्यांनी साडेसात हजार रुपये तीनदा भरले. एका फोनवर वीस-बावीस हजार घालणं हा शुद्ध वेडेपणा आहे, या मतावर ते आजही ठाम आहेत.

या पंथाचं परमोच्च शिखर म्हणजे फेब्रुवारी २०१६ मध्ये जाहीर झालेला फ्रीडम २५१. किंमत २५१ रुपये. नोंदणीला एवढी झुंबड उडाली की वेबसाइट पहिल्याच दिवशी कोसळली. मला तो आजवरचा सर्वांत निर्दोष फोन वाटतो. तो बहुतेकांच्या हातात कधी पडलाच नाही, त्यामुळे तो हँग झाला नाही, त्याची बॅटरी फुगली नाही आणि दोन वर्षांत जुना झाला नाही.

खरेदीनंतर दोन्ही पंथ एकाच तीर्थाला जातात: बुधवार पेठेतली तपकीर गल्ली. काचेची पाठ, रेशमी झाक, 'मिडनाइट' की 'ओशन' यावर घरात झालेला वाद, हे सगळं तिथे दीडशे रुपयांच्या जाड काळ्या कव्हरात कायमचं बंद होतं. समोर टेम्पर्ड ग्लास चिकटवली जाते. मिलिटरी ग्रेड म्हणून घेतलेला फोन पडण्याच्या भीतीने आईच्या नजरेने सांभाळला जातो. कव्हर चढल्यावर २६,९९९चा कुठला आणि ७,४९९चा कुठला, हे दोन हातांवरून ओळखू येत नाही. समतेसाठी आपल्याकडे एवढ्या चळवळी झाल्या, पण इतक्या थोड्या खर्चात काम करणारी मला दुसरी माहीत नाही.

शेवटी एका चिंताजनक प्रकाराची दखल घ्यावी लागते. आमच्या इमारतीतल्या एका काकूंनी अलीकडे फोन घेतला. वाणसामानाच्या यादीमागे त्यांनी लिहिलं होतं: पैसे देणं, मुलीशी व्हिडिओ कॉल, वर्गातल्या मुलांचे फोटो, चार-पाच वर्षं टिकायला हवा. दुकानात जाऊन त्यांनी विचारलं: सुरक्षेचे अपडेट किती वर्षं मिळणार? स्टोरेज १२८ जीबी आहे का आणि वेगवान, यूएफएस जातीचं आहे का? बॅटरी बदलायला किती पडतात? सर्व्हिस सेंटर रिक्षाने जाण्याइतकं जवळ आहे का? मॅक्रो कॅमेऱ्याबद्दल मुलगा सांगू लागला तेव्हा त्या म्हणाल्या, "ते राहू दे बाळा." सोळा-सतरा हजारांत व्यवहार आटोपून, पूर्ण पैसे देऊन, त्या भाजी घेऊन घरी आल्या.

परिणाम व्हायचा तोच झाला. कोजागरीला गच्चीवर आम्ही सगळे फोन काढून कुणाचा चंद्र मोठा येतो ते पाहत होतो. कुणीतरी काकूंना विचारलं, "तुमचा प्रोसेसर कुठला?" त्या म्हणाल्या, "बघावं लागेल हो," आणि मसाला दूध ढवळायला निघून गेल्या. बाईंकडे बोलायला विषयच उरलेला नाही. त्यांना ना हप्ता आहे ना हळहळ, आणि पुढचा फोन कुठला घ्यायचा याची चर्चाही नाही. अशी माणसं प्रत्येक इमारतीत चार-दोन निघाली, तर बॉक्स उघडून दाखवणारे तरुण, सेल लावणाऱ्या कंपन्या, हप्ते बांधून देणाऱ्या बँका आणि माझे मेहुणे एका दिवसात रिकामे होतील. सुदैवाने ही लागण अजून फारशी पसरलेली नाही.