दोन हात जागा आणि दोन पक्ष

फिनिक्स, अ‍ॅरिझोना
२८ सप्टेंबर

ती. आई-बाबांना सा. न.

पत्रास कारण की, मागच्या अंगणातल्या दोन हात जागेवरून घरात दोन पक्ष पडलेत. तुमच्या जावयांना तिथे घायपात लावायचीय. बाबा, आपल्या बांधावर गुरं आत शिरू नयेत म्हणून असते तीच! इथे ती नर्सरीत कुंडीसकट, चांगल्या किमतीला मिळते. मला हवी मेथी.

जावयांचं म्हणणं, इथे वर्षाला २०० मिलिमीटरसुद्धा पाऊस नाही. २०२३ साली सलग ३१ दिवस पारा ४३ अंशांच्या वर होता, सग्वारोचे जुने निवडुंगसुद्धा कोलमडले, तिथे तुझी मेथी काय तग धरणार! अहो, पण मेथी उन्हाळ्यात लावतंय कोण? इथला पालेभाजीचा हंगाम ऑक्टोबर ते मार्च. दाणे फोडणीच्या डब्यातलेच पेरायचे. आणि घायपात काय देते? वर्षानुवर्षं मख्ख बसते, एकदाच उंच दांडा काढून फुलते आणि मरते. हे ऐकून जावई म्हणाले, "ससे तरी खात नाहीत." ससे इथे रोज संध्याकाळी येतात, त्यामुळे मला गप्प बसावं लागलं.

एवढ्यात मान्सून संपला (असतो इथेही, नावापुरता) आणि कुंपणाकडेच्या खडीत, कुणी न लावता, घोळ उगवली! तांबूस देठ, गुबगुबीत पानं. आई, काळजी करू नकोस, देठ मोडून पाहिला, पांढरा चीक आला नाही. तशीच दिसणारी चिकाची विषारी वनस्पती इथे फार. मेक्सिकन दुकानात घोळीच्या जुड्या 'वेर्दोलागास' म्हणून मिळतात.

जावई म्हणाले, ही तर माझ्या पक्षाची! पाणी कमी पडलं की ही निवडुंगासारखी वागते म्हणे: रात्री हवा आत घेते, तिचं आम्ल करून साठवते आणि दिवसा वापरते. म्हणून पहाटे खुडलेली घोळ संध्याकाळच्यापेक्षा आंबट. तू सकाळीच खुडायचीस ते यासाठीच का गं?

मूगडाळ घालून केली. दोनदा वाढून घेतली आणि हात धुता धुता म्हणाले, "जागेचा निर्णय मात्र बाकी आहे."

बाबा, तुमचं मत कुणाला, ते पत्रानेच कळवा. फोन इथे स्पीकरवर असतो.

तुमची,
ताई