एफ फॉर वेलांटी

आमच्या घरात मला कॉम्प्युटर येतो, ही बातमी मीच पसरवलेली आहे. पुरावा म्हणून मी माऊसला हात लावत नाही. माऊस हे अडाण्यांचं अवजार, असं माझं जाहीर मत आहे. कॉपीला कंट्रोल सी, पेस्टला कंट्रोल व्ही. आणि कोणी मागे उभं असेल तर ही कल्पना लॅरी टेस्लर नावाच्या माणसाची, 1970च्या दशकात झेरॉक्सच्या प्रयोगशाळेतली, हेही ऐकवून टाकतो. मागे कोणी नसेल तर माऊस हातात घेतो. तो भाग वेगळा.

तर रविवारी संध्याकाळी दादाचा फोन आला. दादा म्हणजे माझा चुलत भाऊ.

"भो, ते शेंदुर्णीचे हिरामणआप्पा, त्यांनी अक्काच्या लग्नात किती लिहिले होते?"

हा प्रश्न यावा म्हणून तर मी दोन महिने राबलो होतो. आईची आहेराची वही, 1979 साली अक्काच्या लग्नात सुरू झालेली, घरातल्या एकूण एक लग्नांची, मी गूगल शीट्समध्ये चढवली होती. 1386 ओळी. नाव, गाव, रक्कम, वस्तू असे चार रकाने. शिवाय 'आजचे किती' असा पाचवा, ज्यातलं सूत्र मी स्वतः बसवलं होतं आणि ज्याच्यावर घरात कोणाचाच विश्वास नव्हता.

"फोन ठेवू नको," मी म्हणालो, "एका सेकंदात सांगतो."

तो सेकंद अडीच तास चालला.

कंट्रोल धरून एफ दाबलं. एरवी उजव्या कोपऱ्यात शोधाची छोटी चौकट टपकन उघडते. उघडली नाही. पुन्हा दाबलं. मग जरा आदबीनं दाबलं. दादाला म्हटलं, "नेट स्लो आहे." आपल्याकडे ही सबब सगळ्यांना मान्य असते.

पान नव्यानं उघडलं. ब्राउझर बंद करून चालू केला. गुप्त खिडकी उघडून पाहिली. चोरी करत असल्यासारखं वाटलं, पण चौकट तिथेही नाही. जोडलेली एक्स्टेन्शनं एकेक करून काढली. मग कॅशे पुसलं, त्याबरोबर कुकीजही पुसल्या आणि गूगलनं मला घराबाहेर काढलं. पासवर्ड तीनदा नाकारला. (त्यात एक एफ आहे. हे आत्ता लिहिताना सुचतंय.) मोबाईलवरून खातरजमा करून कसाबसा आत आलो.

पुण्याच्या भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, "मामा, दुसऱ्या वेबसाइटवर कंट्रोल एफ चालतं का?"

"दुसऱ्या वेबसाइटवर मला काही शोधायचंच नाहीये," मी म्हणालो.

आता विचार केला तर प्रश्नाचं उत्तर त्याच प्रश्नात होतं. पण भाच्यानं मामाला विचारलेल्या प्रश्नात काही शहाणपण असेल, हे मामाला पटायला वेळ लागतो. शेवटी तो कंटाळून म्हणाला, "बरं, कंट्रोल एच दाबा. शोधा आणि बदला." दाबलं. खिडकी लगेच उघडली. मी डोळे न उघडता नाव टाइप केलं. डोळे न उघडता, कारण मला टाइप करताना बघावं लागत नाही.

आणि हे कसं साधतं, ते सांगितल्याशिवाय माझ्याच्यानं पुढे जाववणार नाही. घरात हा भाग सुरू झाला की लोक उठून जातात, म्हणून इथे लिहून घेतो.

1984 साली मी टायपिंगच्या क्लासला जायला लागलो. पहिला धडा सगळ्या भारताचा एकच: एएसडीएफजीएफ, सेमीकोलन एलकेजेएचजे. हाच मंत्र पंधरा दिवस. सर आमच्या हातांवर जुना टॉवेल टाकायचे, बटणं दिसू नयेत म्हणून. नजर कागदावर, बोटं टॉवेलखाली. लोखंडी मशीनची करंगळीनं मारायची अक्षरं अशी जड असायची की पहिल्या महिन्यात माझी करंगळी रात्री ठणकायची आणि आई तिला हळद-तेल लावायची. मग सरकारी परीक्षा, मिनिटाला तीस शब्द, पुढच्या खेपेला चाळीस. मराठी मशीनवर ऱ्हस्व वेलांटी आधी मारायची आणि अक्षर नंतर, जशी डोळ्यांना दिसते तशी. पुढे ऑफिसात कॉम्प्युटर आले आणि इनस्क्रिप्ट शिकायची वेळ आली. 1991 सालीच सरकारी प्रमाण ठरलेला कळफलक. त्यात सगळं उलट: आधी अक्षर, मग वेलांटी, जशी तोंडानं बोलतो तशी. हे वळण मोडायला मला वर्ष लागलं. पण इनस्क्रिप्टची मांडणी मात्र मला आपल्या ताटासारखी वाटते. ताटात चटणी-कोशिंबीर डावीकडे, भाजी उजवीकडे. तसे इथे स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या. अंधारातसुद्धा हात बरोबर जातो. आणि हात घरी आला की नाही, हे कळण्यासाठी एफ आणि जे या दोन बटणांवर बारीकसा उंचवटा असतो. माझी डावी तर्जनी चाळीस वर्षं त्या एफवर राहते. इनस्क्रिप्टमध्ये त्या एफवर काय आहे? ऱ्हस्व वेलांटी.

सुज्ञांना इथे कळलं असेल. मला कळलं नाही.

कारण शोध लागला होता! 'शेंदुर्णी, 11 रुपये'. मी विजयानं दादाला आकडा सांगितला, तो म्हणाला, "हाव, मग पाकिटात टाकू काहीतरी," आणि फोन ठेवला. चहा घेऊन बायको मागे उभी होती. ती पडद्याकडे बघून म्हणाली, "अहो, हे हरामणआप्पा कोण?"

मी चष्मा लावला. शोधाच्या खिडकीत मी 'हरामण' लिहिलं होतं. यादीतही 'हरामण'च होतं. प्रश्नही चुकलेला, उत्तरही चुकलेलं, आणि दोघांचं छान जमलं होतं.

खाली सरकत गेलो. 412व्या ओळीपर्यंत सगळे धडधाकट होते. 413पासून पुढे ऱ्हस्व वेलांटी साथ आल्यासारखी गेली होती. विठ्ठलचा वठ्ठल. किसनचा कसन. भिकाचा भका. शिवाजी तर शवाजी होऊन पडले होते. सिंधूमावशीची संधू झाली होती, म्हणजे मावशी थेट पंजाबात. आडनावांमुळे मला संशयच आला नाही. पाटील, चौधरी, महाजन, माळी: आमच्या जामनेर तालुक्यातली निम्मी वस्ती या चौघांत बसते, आणि एकातही ऱ्हस्व वेलांटी नाही.

कीबोर्ड पालथा घालून पाठीवर थापट्या मारल्या. मुरमुरे पडले. मग एफचं टोपण चमच्याच्या दांड्यानं उचकटलं. खाली जाड शेवेचा तुकडा, रुतून बसलेला, टाइप करता करता शेव-मुरमुरे खाणाऱ्या माणसाच्या हातून गेलेला. तो मी चिमटीत धरून बायकोला दाखवला. "गूगलचा दोष नव्हता," मी म्हणालो. तिनं चहाचा कप ठेवला आणि गेली.

यानंतर शहाण्या माणसानं एकेक नाव दुरुस्त केलं असतं. मी 'सगळे बदला' वापरलं. 'शव' शोधा, 'शिव' करा. शिवाजी जिवंत झाले आणि गावातले सगळे केशव 'केशिव' झाले. अशा वेळी तुकडा नाही, पूर्ण 'शवाजी' शोधायचं असतं. ते अडाणी लोक करतात. कंट्रोल झेड दाबून केशवांना परत आणलं आणि मुकाट्यानं वही काढली.

बायको वाचणार, मी टाइप करणार, असं ठरलं. आणि या खेपेला मी पडद्याकडे बघत होतो.

आई चौथीपर्यंत शिकलेली. पेन्सिलीनं लिहायची, रेघ सोडून. बायको 413वरून वाचायला लागली आणि दुसऱ्याच नावाला थांबली. "हे तुम्ही घेतलं नाही का?" आकड्याच्या पुढे, समासात, आईनं काहीबाही लिहिलेलं होतं. टाइप करताना मी ते पाहिलं होतं. कुठल्या रकान्यात घालायचं ते कळलं नव्हतं, म्हणून सोडलं होतं. मी, ज्यानं सगळी नोकरी रजिस्टरं भरण्यात काढली! आणि कुठल्याही रजिस्टरात अगदी उजव्या टोकाला 'शेरा' नावाचा रकाना असतो. तो कधी कोणी भरत नाही. आईनं नेमका तोच भरला होता. सिंधूमावशीपुढे लिहिलं होतं, '5 रु. नवीन लुगडं मला दिलं, स्वतः जुनं नेसून आली.' एका माळ्यांपुढे, 'पैसे नाहीत. दोन पोती कांदे. कोणाला सांगू नका म्हणाले.' माझ्या शीटमध्ये ते माळी 'रक्कम: 0' होते, आणि सूत्रानं त्यांचे 'आजचे किती' सुद्धा शून्यच काढले होते.

मला कोणाचा राग आला ते नीट सांगता येणार नाही. बहुतेक त्या सूत्राचा.

हिरामणआप्पा आले. बायकोनं वाचलं: '11 रु. पीजे चुकली. शेंदुर्णीहून सायकलवर आले. मागे बायको, पुढे दांडीवर पोरगा. रात्री पंगतीला पाणी वाढलं, तसेच परत गेले.'

पीजे म्हणजे पाचोरा-जामनेरची छोटी गाडी. ती 2020च्या टाळेबंदीत थांबली. 1979 साली ती चुकली म्हणजे दुसरा मार्ग सायकलचा.

मी दादाला फोन लावला.

"अरे, त्या हिरामणआप्पांच्या घरी आता लग्न कोणाचं आहे?"

"नातीचं. त्यांचा मुलगा पत्रिका देऊन गेला ना परवा."

"किती मुलगे त्यांना?"

"एकच. का भो?"

मी त्याला वहीतलं वाचून दाखवलं. पलीकडे बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मला वाटलं, खरंच नेट स्लो झालं.

"पाकीट कोणाच्या हाती पाठवू नको," दादा म्हणाला. "आपण दोघं जाऊ. आदल्या दिवशी जाऊ."

"बरं."

"आणि ऐक. पाकिटावर नाव मी लिहीन."