यादीत नाव आलं, पुढे?

ठाण्यात गोखले रोडवर इंजिनीअरिंगचा विद्यार्थी भेटला की हल्ली हमखास ‘ओपन सोर्स कॉन्ट्रिब्यूटर’ निघतो. रेझ्युमेत तसं छापलेलंच असतं. काय केलंस? ‘पीआर टाकला.’ म्हणजे पुल रिक्वेस्ट, प्रकल्पाला सुचवलेली दुरुस्ती. कशासाठी?

इथे गाडी अडते.

२०२४च्या सुरुवातीला ‘एक्सप्रेस’ या प्रकल्पावर शेकड्यांनी पीआर येऊन पडले. असंख्य वेबसाइट्स ज्यावर उभ्या आहेत, तो हा प्रकल्प. दुरुस्ती काय सुचवली होती? ‘रीडमी’ या प्रकल्पाची ओळख देणाऱ्या फाइलमध्ये स्वतःचं नाव! यूट्यूबवरच्या एका धड्यात दाखवलं, ते आपल्या पोरांनी जसंच्या तसं गिरवलं. निस्तरलं ते स्वयंसेवकांनी.

२०२०च्या ऑक्टोबरातही हाच तमाशा. ओपन सोर्सला हातभार लावण्याच्या ‘हॅक्टोबरफेस्ट’ या उपक्रमात तेव्हा चार पीआर दिले की टी-शर्ट मिळायचा. कचरा इतका साचला की महिना सुरू होऊन आठवडाही झाला नव्हता, तोच आयोजकांना नियम बदलावे लागले.

पोरांना झोडपणं सोपं आहे. पण नाव झळकवणं म्हणजेच काम, हे त्यांना शिकवलं कोणी? प्लेसमेंटच्या घाईने, क्लासवाल्यांनी आणि आपण पालकांनी.

मग खरं सभासद होणं म्हणजे काय? ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३पासून आहे. वर्गणी भरा, सभासद व्हा, पुस्तक घरी न्या. चोख व्यवहार. ओपन सोर्समध्ये पुस्तक आधीच तुमच्या घरात आहे, वर्गणी शून्य. मग सभासद कोण?

ज्याच्यावाचून काहीतरी अडतं, तो.

आणि ते काम प्रोग्रॅमिंगचंच हवं, हा आणखी एक गैरसमज. ‘डेबियन’ या ओपन सोर्स ऑपरेटिंग सिस्टीमच्या प्रकल्पाने २०१०मध्ये रीतसर मतदान घेऊन ठरवलं, की सॉफ्टवेअरची पॅकेजेस न बनवणाऱ्यांनाही मताधिकारासह पूर्ण सदस्यत्व द्यायचं. भाषांतर करणारे, माहिती लिहिणारे, सगळे आले. नौपाड्यातल्या निवृत्त मराठीच्या बाईंनाही हे दार उघडं आहे. मराठी फॉन्टमध्ये ‘दुसऱ्या’तला र नीट जुळतो का, ल आणि श मराठी वळणाचे आहेत की हिंदी, हे त्यांच्याइतक्या चटकन कोण पकडेल? पण आपण त्यांना विचारतच नाही.

प्रकल्प सांभाळणाऱ्या जुन्याजाणत्यांनाही एक सांगायचंय. नवख्याने मनापासून केलेली दुरुस्ती महिनोन्‌महिने तशीच पडून राहते. ना होकार, ना नकार. दार उघडं आहे म्हणायचं आणि आलेल्याला ‘बस’ही म्हणायचं नाही? मग तो टी-शर्टाकडेच जाणार.

फायरफॉक्स ब्राउझर मराठीत आहे, ते स्वयंसेवकांच्या जिवावर. आज मेनू मराठीत करा. एखादा शब्द खटकेल. फेसबुकवर हळहळू नका, पर्याय सुचवा, कारण लिहा. उत्तर आलं नाही तर आठवड्याने पुन्हा विचारा. आणि उत्तर देणारे तुम्हीच असाल, तर त्याच दिवशी द्या.