कुरववाले काका

पुण्याचा माणूस भिगवणला दोन कारणांनी जातो: रोहित पाहायला आणि चिलापी खायला. कुरववाले काका दोन्हींकडे पाठ करून बसतात. होडीतली मंडळी गुलाबी रांगेवर मोबाइल रोखून "अय्या" करत असताना काकांची दुर्बीण उलट्या दिशेला, चिखलाच्या पट्टीवरच्या कुरवांच्या पांढऱ्या थव्याकडे.

"सगळे सारखेच की हो," असं चुकूनही म्हणू नये. वर्ग भरतो. तपकिरी डोक्याच्या कुरवाचं डोकं हिवाळ्यात तपकिरी नसतं, काळ्या डोक्याच्याचं काळं नसतं. दोघांच्याही कानापाशी नुसता काळपट ठिपका. डोकी रंगू लागतात ती पाहुण्यांची निघायची वेळ झाल्यावर. तोवर पंखांची टोकं पाहायची: काळ्या टोकात पांढरे ठिपके दिसले तर तपकिरी. पण पहिल्या हिवाळ्यातल्या पोरांना तेही नसतात. मोठ्या जातींच्या कुरवांना तर अंगावर पक्का पिसारा चढायला चार वर्षं लागतात आणि दर वर्षी वेश निराळा. एवढा घोळ निसर्गाने दुसऱ्या कुणासाठी घातला असेल, असं काकांना वाटत नाही.

कोकणात किनाऱ्यावर कुरव ढिगाने असतात. पण समुद्रावर जाऊन कुरव बघणं म्हणजे कॉपी करून पास होणं. तो धरणावर सापडला पाहिजे. भिगवणचं हे पाणी ज्याचं, ते १९८० साली पूर्ण झालेलं उजनी धरण सिंचनासाठी बांधलं, हेही त्यांना मनापासून पटलेलं नाही.

सध्या शोध बारीक चोचीच्या कुरवाचा आहे. परवा एकाचं कपाळ उतरतं दिसलं, मान लांब वाटली, डोळा फिकट. काकांचा श्वास अडकला. तेवढ्यात तो पाण्यावर उतरून पाठमोरा बसला. पाठमोरे सगळे कुरव खरोखरच सारखे असतात, पण हे काका कबूल करणार नाहीत.

होडीवाल्याने सवयीने शेवेचं पुडकं काढलं. पक्ष्यांना शेव घालण्यावर काकांचं अर्ध्या तासाचं भाषण ठरलेलं आहे. पोटं बिघडतात, सवयी बिघडतात, पर्यटक बिघडतात. होडीवाला मुकाट्याने पुडकं परत खिशात घालू लागला.

"थांब रे," काका घोगऱ्या आवाजात म्हणाले. "जरा टाक. पण तेवढ्या एकालाच."