चांदणीवाली

डोंबिवलीत स्टेशनच्या पूर्वेला, भाजीवाल्यांची रांग संपते तिथे एक वाचनालय होतं. वाचनालय म्हणजे एक खोली. तीन भिंतींना छतापर्यंत मांडण्या, चौथ्या बाजूला शटर आणि मधे टेबल टाकून बसलेले मालक. मोठी मावशी रोज साडेपाचला तिथे जायची. पिशवीत खाली कांदे-बटाटे, वर मेथीची जुडी आणि जुडीखाली कालचं पुस्तक. त्या वाचनालयातल्या निम्म्या खुनांना मेथीचा वास यायचा, तो तिच्यामुळे.

पुस्तक हातात घेतलं की ती नाव बघायची नाही, लेखक बघायची नाही. थेट पान ३१ उघडायची. खालच्या कोपऱ्यात पेन्सिलीचा मुगाएवढा गोल आणि त्यात टिंब असेल तर पुस्तक वाचलेलं. नसेल तर पिशवीत. एकतीसच का? तर मावशीचा ब्लॉक नंबर एकतीस. "बाकी सगळं विसरेन, घर विसरेन का?" असं तिचं म्हणणं. अशी खूण प्रत्येक जुन्या वर्गणीदाराची असायची. कुणाची सातव्या पानावर बरोबरची खूण, कुणाचं शेवटच्या पानावर आडनावाचं पहिलं अक्षर. एक आजोबा पन्नासाव्या पानावर 'वा.' लिहायचे, ते 'वाचलं' की 'वाहवा', हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

खुणेची गरज होती, कारण आतला मजकूर वाचून पुस्तक वाचलंय की नाही हे कळण्याची सोय नव्हती. नायक तोच, मोटार तीच, बंगल्यात पडलेलं प्रेत तेच. मावशीला हे दूषण वाटायचंच नाही. "तुझा मामा दर वर्षी तेच बोलतो. म्हणून काय त्याला दिवाळीला बोलवायचं नाही?"

मावशी लेखक मागायची नाही, माणूस मागायची. "भाऊ, एक अमर द्या, एक दारा द्या, आणि वरती काहीतरी प्रेमाचं टाका." वजन करून दिल्यासारखे मालकही काढून द्यायचे. अमर म्हणजे बॅरिस्टर अमर विश्वास आणि दारा म्हणजे दारा बुलंद. फिरोज इराणी आणि मंदार पटवर्धन धरून सुहास शिरवळकरांची ही चारही मुलं मावशीने आपल्या भाच्यांत जमा केली होती, आणि खरं सांगायचं तर आम्हा सख्ख्या भाच्यांपेक्षा त्यांची चौकशी जास्त व्हायची. गुरुनाथ नाईकांच्या कॅप्टन दीपवर मात्र तिचा किंचित संशय होता. नाईकांनी हजारावर कादंबऱ्या लिहिल्या, त्यामुळे कॅप्टन सारखा दारात. "सैन्यातला माणूस ना? मग एवढी रजा कोण देतं याला?"

या सगळ्यांच्या आधीचा मान झुंजारचा. मावशीचं माहेर गिरगावातल्या चाळीत. तिथे बाबूराव अर्नाळकरांची पुस्तकं एका खोलीतून दुसऱ्या खोलीत वाटीभर साखरेसारखी जायची. अर्नाळकर म्हणजे चंद्रकांत सखाराम चव्हाण. त्यांच्याही पुस्तकांचा आकडा हजाराच्या वर. झुंजार, काळा पहाड, धनंजय आणि छोटू यांच्यावर मराठी माणसांची एक अख्खी पिढी अभ्यास बुडवून वाढली. आजोबांचा या पुस्तकांना विरोध होता. विरोध म्हणजे मुलींनी ती वाचायची नाहीत. जप्त केलेलं पुस्तक ते स्वतः रात्री दिवा लहान करून संपवायचे आणि सकाळी परत जप्त करायचे.

मावशी रहस्यकथा शेवटून वाचायची. शेवटची चार पानं आधी, मग पहिलं पान. मी कॉलेजात होतो, मला नुकती साहित्याची जाण आली होती, त्यामुळे मी संतापायचो.

"अगं, मग त्यात रहस्य काय राहिलं?"

"खुनी कोण हेच माहीत नसेल, तर वाचताना लक्ष कुणावर ठेवायचं?" मावशी मटार सोलत म्हणायची. "स्थळ बघायला गेलो की आधी मुलगा कोण ते विचारतोस ना? का सगळ्या पंगतीला पोहे खाऊ देतोस आणि शेवटी सांगतोस?"

एकदा खुनी कळला की ती त्याच्यावर सासूसारखी नजर ठेवायची. तो बाराव्या पानावर नमस्कार कसा करतो, चहा घेतो की नको म्हणतो. "बघ, इथे खोटं हसला," असं मला ओरडून सांगायची. खुनी विसाव्या पानाच्या आत घरात आलेला असला पाहिजे, हा तिचा पहिला नियम. शेवटी परगावहून आलेल्या चुलत्याने खून केल्याचं निघालं, तर ती ते पुस्तक दुसऱ्या दिवशी टेबलावर आपटून परत करायची. दुसरा नियम, गड्याने खून करायचा नाही. "त्याला काय पडलंय? पगार बुडेल." तिसरा, जुळा भाऊ आणायचा नाही. आणलाच तर बारशापासून सांगायचं.

रोनाल्ड नॉक्स नावाच्या इंग्लंडातल्या एका पाद्र्याने १९२९ साली रहस्यकथांसाठी दहा आज्ञा लिहिल्या. पहिली आज्ञा, गुन्हेगाराची ओळख कथेत लवकर झाली पाहिजे. दहावी, पुरेशी पूर्वकल्पना न देता जुळे भाऊ आणायचे नाहीत. मी मोठ्या उत्साहाने हे मावशीला वाचून दाखवलं. "पाद्री होता ना? लोक येऊन कबुली देत असतील, त्याला काय कठीण," एवढंच म्हणून तिने कुकरची शिट्टी मोजली.

प्रेमकथांच्या बाबतीत तिचा हिशेब निराळा. खुनाला कारण लागतं तसं प्रेमाला उत्पन्न लागतं. नायक गातो, टेनिस खेळतो, महाबळेश्वरला जातो, पण दहा ते सहा करतो काय? ना. सी. फडक्यांचे नायक देखणे आणि स्वच्छ, हे तिला मान्य होतं, "पण एकालाही पीठ गिरणीतून आणायला कधी पाठवलं नाही कुणी." त्याहून मोठी तक्रार गैरसमजाविषयी. दोघांचा गैरसमज झालाच पाहिजे, त्याशिवाय पुस्तक भरत नाही, इतपत तिला कळायचं. पण गैरसमजाला तिने चाळीस पानं नेमून दिली होती. एक्केचाळिसाव्याला तिचा धीर सुटायचा. "अरे, एक कार्ड टाक! पंधरा पैशांचं कार्ड! ती बया गच्चीत रडतेय आणि हा आसामात चहाच्या मळ्यावर निघाला."

चंद्रकांत काकोडकर ती उघड वाचायची, आणि त्या काळात ते सोपं नव्हतं. काकोडकरांची पुस्तकं बायका उशीखाली ठेवायच्या, पुरुष वर्तमानपत्रात गुंडाळायचे, आणि ती मुळी कुणी नेलीच नाहीत असं वाचनालयाचं रजिस्टर सांगायचं. काका एकदा हळूच म्हणाले, "अगं, त्या माणसावर अश्लीलतेचा खटला झाला होता." हे खरं होतं. 'रंभा'च्या १९६२ च्या दिवाळी अंकातल्या 'श्यामा'वरून खटला थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६९ साली काकोडकर सुटले. मावशीला निकाल ठाऊक होता. "सुप्रीम कोर्टाच्या जजनी वाचली आणि काही हरकत नाही म्हणाले. तुम्ही त्यांच्या वरचे का?"

काका उंचीने बेताचे, आवाजाने त्याहून बेताचे. रोज सकाळी अग्रलेख आणि रविवारी पुरवणी, हे त्यांचं वाचन. "काय ते सारखे खून वाचतेस," असं ते महिन्यातून एकदा म्हणायचे. "वाचते म्हणून तुम्ही सुखरूप आहात," हे उत्तरही ठरलेलं.

नायकाने लग्न करायचं की नाही, या प्रश्नावर तिने फार विचार केला होता. मी तिला पेरी मेसनबद्दल सांगितलं. अर्ल स्टॅन्ली गार्डनरने १९३३ पासून त्याच्यावर ऐंशीच्या वर कादंबऱ्या लिहिल्या, आणि त्याची सेक्रेटरी डेला स्ट्रीट त्याला लग्नाला नकार देत राहिली. मावशीने मटारची शेंग खाली ठेवली. "शहाणी बाई. लग्न केलं असतं तर ही घरी बसली असती आणि ऑफिसात दुसरी आली असती." कॉनन डॉयलने १८९३ साली होम्सला धबधब्यात ढकललं आणि दहा वर्षांनी परत आणलं, यात तिला नवल वाटलं नाही. रागावून घर सोडून गेलेले परत येतातच. पण हर्क्युल पॉइरो १९७५ साली गेला तेव्हा 'न्यूयॉर्क टाइम्स'ने पहिल्या पानावर त्याचा मृत्युलेख छापला, हे मात्र तिच्या मनाला लागलं. बराच वेळ काही बोलली नाही.

२००३ साली शिरवळकर गेले. बातमी मीच फोनवर सांगितली. पलीकडे थोडा वेळ फक्त मिक्सरचा आवाज. मग मावशी म्हणाली, "आता चौघांचं कोण बघणार रे?" पुढे दहा वर्षांनी 'दुनियादारी'चा सिनेमा आला, कॉलेजातल्या पोरांच्या तोंडी शिरवळकरांचं नाव आलं, तेव्हा आम्ही तिला थिएटरात घेऊन गेलो. मध्यंतरापर्यंत ती पॉपकॉर्न मांडीवर धरून गप्प होती. मग विचारलं, "यात अमर कधी येतो?"

चांदणीचं प्रकरण या सगळ्याच्या आधीचं.

गिरगावातलं एक जुनं वाचनालय बंद पडलं आणि आमच्या मालकांनी त्याची पुस्तकं घाऊक घेतली. टेम्पो भरून अर्नाळकर आले. पानं पापडासारखी, मुखपृष्ठं गेलेली, दोऱ्याने टाचलेली. मावशीने पहिल्याच दिवशी चार उचलले. पान ३१ कोरं, म्हणजे मेजवानीच. पण दुसऱ्या दिवशी ती तणतणत आली. प्रत्येक पुस्तकात कुठेतरी पेन्सिलीने एक चांदणी काढलेली होती, आणि चांदणीवाली नुसती खूण करून थांबली नव्हती. तिने समासात मतं लिहिली होती.

"ही बघ भवानी!" मावशीने माझ्यासमोर पुस्तक धरलं. झुंजारची बायको विजया त्याला काहीतरी समजावतेय त्या जागी समासात लिहिलं होतं, 'विजया शिष्ट आहे.' आणि पुढे झुंजार भिंतीवरून उडी मारून मोटारीत बसतो तिथे, अधोरेखित करून, 'असाच नवरा हवा.'

"विजया शिष्ट? नवरा रात्री-बेरात्री भिंतींवरून उड्या मारतोय, मागे पोलीस, पुढे गुंड, आणि ती बिचारी घर सांभाळून त्याच्या बरोबरीने उभी राहतेय, ती शिष्ट?"

"पण कशावरून बाई असेल ही?"

"पुरुष समासात लिहीत नाहीत. पुरुष पान दुमडतात." मग तिने रीतसर तपास केला. चांदणी नेहमी चौदाव्या पानावर, म्हणजे मुलगी पद्धतशीर. पेन्सिलीचं शिसं दाबून लिहिलेलं, म्हणजे वय सोळा-सतरा. अक्षर वळणदार, म्हणजे घरी वळण लावणारं कुणीतरी कडक. पानावर चिंचेचा डाग, म्हणजे दुपारी, चोरून वाचलेलं. होम्सने पाइप पेटवावा तशी मावशीने आल्याचा चहा टाकला आणि निष्कर्ष काढला, "हिचं काही चांगलं झालं नसणार. भिंतीवरून उडी मारणारा नवरा मागत बसली. तो काय मिळतोय? मिळाला असेल कुणीतरी कारकून आणि आयुष्यभर कुढली असेल."

काका आत अग्रलेख वाचत होते. पान उलटल्याचा आवाज आला.

पंधरा दिवस चांदणीवालीशी तिचं भांडण चाललं. समासात उत्तरंही लिहिली असती, पण पुस्तक वाचनालयाचं. मग गौरी-गणपतीला आई डोंबिवलीला आली. मोदकांचं सारण थंड व्हायला ठेवलं होतं आणि आई सहज म्हणून टेबलावरचं पुस्तक चाळायला लागली. चाळायला लागली म्हणजे उघडलं ते थेट चौदावं पान.

"अय्या ताई, तुझी चांदणी!"

मावशीचा हात सारणात तसाच राहिला.

"आमची चाळीतली खोली चौदा नंबर," आई मला सांगायला लागली. "ताई प्रत्येक पुस्तकात काढायची. अण्णांनी एकदा पकडलं होतं, आठवतं ना गं? चिंचेचं बोटुक लावलंस म्हणून सगळं उघडकीला आलं."

मावशीने हात धुतला, पदराला पुसला आणि पुस्तक खिडकीपाशी उजेडात नेलं. चौदावं पान बघितलं. मग पुढची पानं, एकेक, पहिल्यापासून शेवटाकडे. त्या क्रमाने वाचताना मी तिला प्रथमच बघत होतो. "अक्षर बरं होतं माझं," ती शेवटी म्हणाली. आणि मग मला, "अरे, कंपासपेटीत खोडरबर असेल बघ."

मी रबर दिलं. 'विजया शिष्ट आहे' तिने काळजीपूर्वक खोडलं, फुंकर मारून कचरा उडवला. पुढचं पान काढलं. रबर हातात धरून थोडा वेळ बसली.

"काय खोडतेयस गं एवढं?" आतून काकांनी विचारलं.

"काही नाही. जुना हिशेब आहे," मावशी म्हणाली, रबर मला परत दिलं, आणि पेन्सिल घेऊन पान ३१ वर एक गोल काढला, त्यात टिंब दिलं.