पंचावन्न मिनिटं, पंचावन्न लिटर

धाराशिव जिल्ह्यातल्या माणसाला जाड होण्याचा हक्क आहे का? पुण्यातल्या लग्नात गाव सांगितलं की समोरचा "अरेरे, तिकडं पाण्याचे फार हाल ना" म्हणत चेहरा पाडतो. मग त्याची नजर सावकाश खाली येऊन माझ्या पोटावर थांबते आणि सहानुभूती तिथंच आटते. दुष्काळी भागातल्या माणसानं कसं दुष्काळी दिसावं. मी दिसतो बारमाही बागायतदार.

पोट उतरवायचं म्हटलं की आमच्या भागात पहिलं बोट शेजारच्या लातूरकडं जातं. डॉ. जगन्नाथ दीक्षित लातूरला प्राध्यापक होते. डॉ. श्रीकांत जिचकरांच्या विचारावर उभी असलेली त्यांची आहारपद्धती आता घरोघर पाठ आहे: भूक लागेल तेव्हा, पण दिवसातून दोनदाच जेवायचं. जेवण ५५ मिनिटांत आटपायचं. मधे पातळ ताक सोडून काही तोंडात टाकायचं नाही. आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं. आमच्या आयुष्यातला दुसरा पंचावन्न सरकारी आहे. २०१९ साली जलजीवन मिशन आलं आणि खेड्यातल्या प्रत्येक माणसाला रोज ५५ लिटर पाणी मिळावं असं ठरलं. म्हणजे एका पंचावन्नच्या आत राहायचं आणि दुसऱ्या पंचावन्नपर्यंत पोचायचं. आमच्या घरात बरोबर उलटं चालायचं. जेवण तासाच्या पुढं जायचं आणि पाणी निम्म्यावर संपायचं.

दीक्षितांच्या आधी आमच्या घरात दुसऱ्या पंथाचं राज्य होतं: दर दोन तासांनी थोडंथोडं खा. बायकोनं तो पंथ बहिणीकडून आणला होता. त्यात वजनाचं काय झालं हा घरगुती विषय आहे, पण मोरीचं काय झालं ते सांगता येईल. दर दोन तासांनी एक वाटी, एक चमचा, एक फुलपात्र. आठ-दहा दिवसांनी नळ येणाऱ्या गावात दिवसभर भांडी पडायला लागली. आई दोन दिवस गप्प बसली आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, "अगं, तू खायलीस का भांडी बाटवायलीस?" दोन वेळा, दोन ताटं, विषय संपला, हे दीक्षितांचं गणित त्यामुळं घरात बिनविरोध मंजूर झालं. इन्सुलिन वगैरे कुणी विचारलंच नाही. माझ्या पोटासाठी झालेल्या या ठरावात माझं पोट कुठंच नव्हतं. ठराव खरकट्या भांड्यांचा होता.

चालण्याबद्दल मात्र आईचं मत वेगळं पडलं. नवे बूट घालून पहाटे निघालो तर ती ओट्यावरून म्हणाली, "रिकामाच जाऊलालास व्हय? एक कळशी तरी घेऊन जा." तिचंही बरोबरच होतं. तिच्या वेळेला डोक्यावर दोन घागरी आणि काखेत एक घेऊन बायका विहिरीच्या एवढ्याच लांबीच्या खेपा करायच्या. त्याला व्यायाम म्हणायची पद्धत नव्हती आणि घड्याळ लावून उभं राहायला कुणाला सवड नव्हती.

पहिल्या आठवड्यात काटा दोन किलोनं खाली आला. गावभर सांगून झालं, मग शेतकी कॉलेजात शिकणारा भाचा सुट्टीला आला आणि त्यानं आनंदावर पाणी टाकलं. म्हणजे टाकलं नाही, काढून घेतलं. त्याचं म्हणणं असं की, शरीर पिठूळ-गोड खाण्यातून ग्लायकोजेन नावाचा साठा करून ठेवतं आणि त्यातल्या एकेका ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. खाणं तोडलं की आधी हा साठा रिकामा होतो आणि पाणी निघून जातं. चरबी नंतर, सवडीनं. म्हणजे टँकरच्या जिल्ह्यात राहून, कष्ट करून, भूक मारून मी गमावलं काय, तर पाणी! वर तो म्हणतो, चरबीच्या पेशींत पाणी अगदी थोडं असतं, स्नायूंत पाऊण हिस्सा असतं, म्हणून जाड माणसाच्या अंगात पाण्याचा टक्का कमीच भरतो. पुण्याच्या लग्नातल्या त्या गृहस्थाला हे सांगायला हवं. मी दिसतो बागायती, आतून कोरडवाहूच आहे.

पुढच्या आठवड्यात काटा पुन्हा वर. खाण्यात काही फरक नव्हता, फक्त हिरव्या मिरचीचा ठेचा, शेंगाची चटणी आणि भाजलेले दोन पापड एवढीच भर. मीठ अंगात पाणी धरून ठेवतं. 'पाणी अडवा, पाणी जिरवा' ही घोषणा भिंतींवर रंगवण्यात आमच्या पिढ्या गेल्या. ती जर कुठं शंभर टक्के राबवली गेली असेल तर माझ्या घोट्यांत.

भाच्याचा खरा दारूगोळा पुढंच होता. एक किलो साखरेमागं जगाच्या सरासरीनं १,८०० लिटरच्या आसपास पाणी लागतं, लिटरभर दुधामागं हजार, असं त्यानं मोबाइलवरून वाचून दाखवलं. मी चहातली साखर बंद केलेली असल्यामुळं जरा ताठ बसलो. तेवढ्यात म्हणतो, "आणि मामा, ज्वारीला किलोमागं तीन हजार. तुमची भाकरी साखरेपेक्षा जास्त पाणी पिते." बैठकीत शांतता पसरली. आई भाकरी थापत होती, तिचा हात थांबला. "जवारीला पाणी कुणी दिलंय रे? तुझ्या बापानं?"

कृषी विद्यापीठांना जे समजवायला तक्ते लागतात ते या एका वाक्यात होतं. रब्बीची ज्वारी भाद्रपद-आश्विनात पेरली जाते, काळ्या रानानं पावसाळ्यात पोटात साठवलेल्या ओलीवर येते आणि वर थोडं दव मिळालं तरी खूश असते. मालदांडी तर अशाच रानांची. तिच्या खात्यावर लिहिलेलं पाणी आभाळातनं पडून मातीत मुरलेलं असतं. ते काही नळाला येणार नव्हतं. ऊस मात्र वर्षभर उभा राहतो आणि हेक्टरी दोन कोटी लिटरच्या आसपास पाणी मागतो, तेही विहिरीतलं, बोअरमधलं, धरणातलं. ढोकीला तेरणा कारखाना उभा राहिला तेव्हा या भागात केवढा आनंद झाला होता म्हणतात, आणि त्यात चूक काय? जवारीला भाव नाही, उसाला आहे. पोतं भरून पाणी ट्रकनं बाहेर पाठवायचं आणि टँकरनं परत मागवायचं, असा हा धंदा आहे. जे थोडं पाणी जिल्ह्याबाहेर गेलं नाही, ते मी कमरेला बांधून फिरतो.

भूम तालुक्यातला खव्याचा धंदा तर माझ्या डोक्यापलीकडचा आहे. म्हशीचं पाच लिटर दूध आटवलं की किलोभर खवा पडतो. उरलेलं चार लिटर पाणी वाफ होऊन आभाळात. पाणी नाही म्हणून शेती जमत नाही, म्हणून म्हैस पाळायची, आणि पोट भरायचं ते पाणी हवेत उडवून! कुंथलगिरीचा पेढा जिभेवर ठेवल्यावर मात्र हे सगळे हिशेब विरघळतात. त्याच कुंथलगिरीच्या डोंगरावर जैन सिद्धक्षेत्र आहे. आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ साली तिथंच सल्लेखना घेतली. दिगंबर मुनी दिवसातून एकदाच, उभ्यानं, ओंजळीत आहार घेतात आणि पाणीही त्याच वेळी. पायथ्याशी पेढ्याचा पुडा हातात धरून वर बघताना मला माझ्या ५५ मिनिटांची थोडी लाज वाटली. पुडा परत केला नाही, पण लाज वाटली.

आहारशास्त्राला आमच्या जिल्ह्यानं दिलेलं खरं आव्हान म्हणजे उस्मानाबादी शेळी. (२०२३ ला जिल्ह्याचं नाव बदललं, शेळीला अजून कुणी कळवलेलं नाही.) ती दोनदा खात नाही, दर दोन तासांनीही खात नाही. ती सतत खाते. बाभळ, बोर, कुंपण, उंबऱ्यावर ठेवलेला पेपर. तरी पोट सपाट. कारण विचारलं तर भाचा म्हणतो, "ती दिवसभर चालते, मामा." आईनं लगेच माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता घागर नाही, दावंच येतंय.

या सगळ्या पंथांचं खरं तारू फुटतं ते येळवशीला. वेळ अमावस्येला लातूर-धाराशिवकडं गावात कुणी सापडत नाही, सगळं गाव रानात. कडब्याची कोप, आत पांडवांची पूजा आणि मग भज्जी, उंडे, शेंगाच्या पोळ्या, खीर, आंबील. आपल्या रानात जेवून हात धुतले की शेजारचा बांधावरून हाका मारतो. नाही म्हणायची सोय नसते, बांधाचे वाद आधीच पुष्कळ असतात. मी नियमाला धरून राहायचं ठरवलं. दोन जेवणांच्या मध्ये पातळ ताक चालतं, आंबील म्हणजे ताकच, थोडं ज्वारीचं पीठ लावलेलं. पहिल्या कोपीपासून शेवटच्या कोपीपर्यंत ५५ मिनिटं मोजली की एकच जेवण धरायचं, असाही एक तोडगा मी काढला होता, पण घड्याळ आंबिलीच्या बिंदगीत पडलं.

काटा आता न्हाणीघरात नाही. तो बायकोनं ओट्यावर नेलाय. उन्हाळ्यात पिण्याचं पाणी आम्ही वीस लिटरच्या जारनं विकत घेतो, आणि ते दिवसेंदिवस लवकर संपायला लागल्यावर तिला शंका आली. परवा तिनं जारवाल्याच्या देखत भरलेला जार काट्यावर ठेवला. साडेसतरा किलो! माझं वजन बघताना ती कधी एवढी वाकली नव्हती.

"हे काय हो?" तिनं विचारलं.

जारवाल्यानं काट्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि रिकामा जार खांद्यावर टाकत म्हणाला, "उन्हाळ्यात कुणाचं उतरत नाही, वहिनी?"