शिडीची कपात

घरातली शिडी वर्षातून दोनदा उभी राहते: गणपतीआधी जळमटं काढताना आणि दिवाळीला आकाशकंदील टांगताना. उरलेलं वर्ष ती जिन्याखाली आडवी पडते आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या नडगीला लागते. तरी कोल्हापूरजवळच्या उचगावच्या नव्या कॉलन्यांत घरटी एक शिडी हवीच, आणि तिच्या सोबतीला ड्रिल मशीन, शेवयांचं यंत्र आणि पन्नास माणसांचा भात शिजेल असं पातेलं. त्या घरात माणसं चार, त्यातलं एक डाएटवर. यात उचगावकराचा दोष थोडा आणि भूगोलाचा जास्त. वेशीला लागून गांधीनगर, म्हणजे ठोक बाजार. जिथं एक नग मागितला की महाग पडतो आणि सहा घेतले की स्वस्त, तिथं माणूस काटकसर म्हणूनच जास्त खरेदी करतो. या बाजाराचा जन्म मात्र वेगळंच सांगतो. महायुद्धाच्या काळात, १९४३ पासून, वळिवड्याच्या छावणीत पाचेक हजार पोलिश निर्वासित राहिले होते. ते गेल्यावर त्याच छावणीत फाळणीत घरदार सुटलेली सिंधी कुटुंबं आली आणि पुढं त्यांचं गांधीनगर झालं. एकांनी रिकामी केलेली अख्खी वसाहत दुसऱ्यांनी वापरायला घेतली. एवढा मोठा पुनर्वापर ज्याच्या पायात आहे, त्या बाजारातून आपण गल्लीतली सातवी शिडी आणतो.

यावर पर्यावरणप्रेमी मंडळी उपदेश करतात की वस्तू वाटून वापरा, लोखंड वाचेल, प्लॅस्टिक वाचेल, कचऱ्याचा डोंगर खुजा राहील. उपदेश खरा आहे, पण पत्ता चुकलेला. कोल्हापूर जिल्ह्याला सामायिक कारभार शिकवायला जाणं म्हणजे पैलवानाला जोर कसे काढायचे ते सांगणं. इथं साखर कारखाना सहकारी, नदीचं पाणी उसाला चढवणारी उपसा योजना सहकारी, दूध तर १९६३ पासून ‘गोकुळ’ या सहकारी संघाचं. दळण गिरणीत, वर्षाची चटणी कांडप यंत्रावर. (घरघंटी घेणारे आहेत, पण त्यांच्याकडं शेजारीण ‘जरा एवढं दळून घेते’ म्हणत येते, म्हणजे गिरणीच झाली.) जी वस्तू कोट्यवधींची, ती आपण हजारो अनोळखी माणसांबरोबर बिनघोर वाटून घेतो, जी हजार-दोन हजारांची, ती सख्ख्या चुलतभावालाही देताना आपल्या पोटात गोळा येतो. हे कोडं स्वभावातून सुटत नाही, कारण माणसं तीच आहेत. फरक वहीचा आहे. कारखान्यात उसाची नोंद होते, दुधाचं माप होतं, पाण्याची पाळी लागते. शिडीची नोंद कुठंच होत नाही. ती भिडेवर जाते आणि भिडेवरच अडकते. देणाऱ्याला मागायची लाज, घेणाऱ्याला विसरायची सोय.

जुन्या बायकांनी हे ओळखलं होतं, म्हणून तर भांड्यांवर नावं आली. स्टीलच्या परातीवर टिंबाटिंबांनी कोरलेलं नाव कौतुकाचं खरं, पण ते नोंदणी प्रमाणपत्रही असतं. परात चार घरं फिरून येणार हे गृहीत धरल्याशिवाय कुणी तिच्यावर आडनावासकट मालकी कोरत नाही. फिरायचं नसतं त्या वस्तूवर नाव लागत नाही. घरच्या फ्रिजवर कुणी कोरल्याचं ऐकिवात नाही. पण कोरलेलं नाव फक्त मालक सांगतं, परातीचा सध्याचा मुक्काम सांगत नाही. तेवढ्यासाठी वही लागते आणि वहीसाठी एक खमक्या माणूस.

तो माणूस गावात आधीपासून बसलेला आहे: दूध संस्थेचा सचिव. संस्था सकाळ-संध्याकाळ उघडते, सभासद किटली घेऊन आपण होऊन येतो, आणि तिथं कुणाच्याही शब्दावर काही चालत नाही. चुलत्याचं दूध असो की सरपंचाचं, मशीन सांगेल तीच फॅट. महत्त्वाचं म्हणजे बिल दहा दिवसांनी निघतं आणि त्यातून पशुखाद्याची कपात होते. त्याच रकान्याशेजारी शिडीची कपात बसवायची. चार दिवसांत परत आली तर नाममात्र भाडं, पुढं दिवसाला दंड. शेजाऱ्याकडं तोंड वाईट करून मागायची गरजच उरत नाही. म्हशीच्या दुधातून आपोआप वसुली.

यावर सुशिक्षित आक्षेप असा की सामायिक वस्तूची माती होते. गॅरेट हार्डिन यांनी १९६८ साली हेच मांडलं, आणि त्यांच्या गोष्टीत सामायिक कुरण आणि गुरंच होती, म्हणजे विषय आपल्या खात्यातला. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी मात्र खरी कुरणं आणि खरे पाट अभ्यासले. स्वित्झर्लंडच्या टोर्बेल गावात १५१७ पासून नियम आहे: हिवाळ्यात घरच्या चाऱ्यावर जितकी गुरं पोसता येतात, तितकीच उन्हाळ्यात कुरणावर सोडायची. कुरण टिकलं. जिथं नियम गावानं केले, लक्ष गावानं ठेवलं आणि दंड थोड्यापासून वाढत गेला, तिथं सामायिक गोष्टी शतकानुशतकं टिकल्या, हे दाखवल्याबद्दल त्यांना २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. लक्ष ठेवण्याच्या बाबतीत तर उचगावच्या कुठल्याही कट्ट्याला स्वित्झर्लंडकडून काही शिकायचं नाही.

दुसरा आक्षेप जास्त टणक आहे: सगळ्यांना शिडी एकाच दिवशी लागते. खरंय, आकाशकंदील काही कुणी पाळीनं लावत नाही. पण जळमटं पाळीनं निघतात, आणि ज्यांनी रात्री दोनला उसाच्या पाण्याची पाळी धरली आहे त्यांना सकाळी दहाची शिडीची पाळी जड नाही. गल्लीला सात ऐवजी दोन ठेवा. एकाचा हट्ट कुणी धरलेला नाही. म्हैस नसलेल्या भाडेकरूचं काय, गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत पाळ्या करणाऱ्याचं काय? त्याच्याकडून अनामत. अमेरिकेत बर्कलीच्या सार्वजनिक ग्रंथालयातून १९७९ पासून हत्यारं घरी नेता येतात, तिथं कुणाच्या दारात म्हैस नाही. मोडलं तर? मोडेल. घरी एकट्यानं वापरलेलंही मोडतं, फक्त तेव्हा भांडायला घरचेच असतात. काही वस्तू मात्र यादीबाहेरच ठेवाव्यात. लोणच्याची बरणी, चपला आणि बुलेट यांच्यावर सहकाराचा प्रयोग करू नये. गाव आहे, रक्तपात नको.

खरी अडचण वार्षिक सभेत येईल. ‘शिडी खरेदी व भाडेदर’ हा विषय अकरावा असेल, व्यासपीठावरून ‘मंजूर’ आणि मागच्या रांगेतून ‘नामंजूर’ एकदमच ओरडलं जाईल, आणि कुणीतरी उठून विचारेल की शिडी अॅल्युमिनियमची की बांबूची, आणि टेंडर कुणाच्या मेहुण्याला.